अधिक-उण्याची खूण छापखान्यात कशी पोहोचली

आजच्या भागात आपण खुणांबद्दल बोलणार आहोत. कर्जवहीत आपण रोज ज्या खुणा काढतो त्या: अधिक, उणे, बरोबर, शेकडा. हाताने काढायला त्यांना क्षण लागतो. पण याच खुणा पत्रकात, पोस्टरवर किंवा भिंतीवरच्या फ्लेक्सवर छापायच्या म्हटल्या की डीटीपीवाला दादा कपाळाला आठ्या घालतो. "ताई, मजकूर देतो करून, पण ते गणित तेवढं हाताने लिहा ना." असं का म्हणतो तो? कामचुकार म्हणून नाही. त्याच्या आधी साडेपाचशे वर्षं जगभरचे छापखानेवाले हेच म्हणत आलेत. त्याची गोष्ट आज सांगतो. ती गणिताची आहे, छपाईची आहे, आणि बरीचशी बायांच्या हातांचीही आहे.

सुरुवात आपल्याकडून करू. ब्रह्मगुप्त नावाच्या गणितज्ञाने इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त हा ग्रंथ लिहिला. शून्यापेक्षा कमी असलेल्या संख्यांचे नियम त्यात व्यवस्थित मांडले आहेत. शून्याच्या वरच्या संख्येला त्याने म्हटलं धन आणि खालच्या संख्येला ऋण. शाळेत आपली मुलं आजही धन संख्या, ऋण संख्या असंच शिकतात. म्हणजे हे गणित आलं ते देण्याघेण्यातून. आपल्या गटाच्या ताळेबंदात दोन बाजू असतात ना, जमा आणि देणं? तेच ते. बीजगणित म्हटलं की आपल्यातल्या काही जणी घाबरतात, पण त्याचं मूळ वहीतच आहे.

मग ही ऋण संख्या लिहायची कशी? भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. ऋण संख्येच्या डोक्यावर ते एक टिंब देत. माहीत नसलेल्या संख्येला यावत्-तावत् म्हणत आणि थोडक्यात 'या' लिहीत. एकाहून जास्त संख्या माहीत नसल्या तर रंगांची नावं: काळ्यासाठी 'का', निळ्यासाठी 'नी', पिवळ्यासाठी 'पी'. किती सोपं! लिहिणाऱ्याला नवीन खूण शिकायची गरजच नाही, अक्षरं येत असली की झालं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण गावी देवीच्या मंदिरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठासाठी कोणाकडून काय घ्यायचं ते जिथे येतं तो भाग मराठीत आहे. हिशोबाची गोष्ट लोकांच्या भाषेतच सांगावी लागते, हे तेव्हाही कळत होतं. त्या बाजूच्या गटांनी सहल काढली तर जरूर बघून या.

आता युरोपात जाऊ, कारण आज आपण वापरतो त्या खुणा तिकडच्या. अधिक आणि उणे या खुणा छापील पुस्तकात पहिल्यांदा आल्या त्या १४८९ साली, जर्मनीतल्या लाइपझिग शहरात. पुस्तक योहानेस विडमन यांचं, आणि विषय काय? व्यापाऱ्यांचा हिशोब. माल ठरल्यापेक्षा जास्त भरला तर + आणि कमी भरला तर −. तिकडेही खूण जन्माला आली ती वजनकाट्यापाशी. शेकड्याची % ही खूणही इटलीच्या व्यापाऱ्यांनी घाईघाईत 'शंभरामागे' असं लिहिता लिहिता झिजून तयार झाली.

बरोबरची खूण १५५७ सालची. रॉबर्ट रेकॉर्ड हे वेल्सचे वैद्य. दर ओळीत 'च्या बरोबर आहे' असं लिहून ते कंटाळले, म्हणून सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्यांनी घेतल्या. या दोन रेघांइतकं एकमेकींसारखं दुसरं काय असणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पुस्तकातली ही खूण आजच्यापेक्षा बरीच लांबलचक होती. बिचारे पुढच्याच वर्षी लंडनच्या तुरुंगात वारले, आणि तेही देण्यापायी. जगाला बरोबरची खूण देणाऱ्या माणसाची शेवटची बाकी काही बरोबर झाली नाही.

वर्गमुळाची √ खूण १५२५ ची, गुणिले १६३१ ची, भागिले ÷ १६५९ ची. यांत आपण जास्त रमायला नको. मुद्दा एवढाच की दीडशे-पावणेदोनशे वर्षांत गणित शब्दांतून खुणांत आलं. लिहिणाऱ्याचं काम हलकं झालं आणि छापणाऱ्याचं जड.

ते जड का झालं हे समजायला खिळ्यांचा छापखाना डोळ्यांपुढे आणावा लागेल. आपल्यातल्या वडीलधाऱ्या ताईंनी तालुक्याला लग्नपत्रिका छापायला टाकताना तो पाहिला असेल. शिशाचे बारीक खिळे, एका खिळ्याच्या टोकावर एक उलटं अक्षर. लाकडी खणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलायचा आणि हातातल्या पट्टीत ओळीने बसवायचा. ओळ भरली की दुसरी. सगळे खिळे एका उंचीचे, ओळ सरळ, मधे मोकळी जागा नाही, कारण जागा मोकळी राहिली तर खिळे हलतात आणि छाप फाटतो. साध्या मजकुराला हे ठीक आहे. गोष्ट असो की बातमी, ती डावीकडून उजवीकडे चालत जाते.

गणित तसं चालत नाही, ते वरखाली चढतं-उतरतं. अपूर्णांक घ्या: वर एक आकडा, मधे आडवी रेघ, खाली दुसरा. एका ओळीच्या उंचीत तीन मजले. घातांक म्हणजे डोक्यावर बसलेला बारका आकडा. त्याला वेगळा लहान खिळा हवा, आणि त्याच्या खाली जी पोकळी राहते ती शिशाच्या बारीक तुकड्यांनी भरून काढायची. वर्गमुळाची रेघ आत जितकं मोठं गणित तितकी लांब. कंस उंच हवा. हे सगळं चिमट्याने हाताने बसवायचं. साध्या पानाला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ अशा एका पानाला लागे. इंग्रज छापखान्यांत अशा मजकुराला दंडाचा मजकूर म्हणत, आणि त्याची जुळणी महाग पडे. आपला डीटीपीवाला दादा ज्या आठ्या घालतो त्या तेव्हापासूनच्या आहेत.

आम्हाला यात एक गंमत वाटते. आपली मराठी अक्षरंही तशीच वरखाली चढणारी. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षर. म्हणून देवनागरीचे काही खिळे तीन थरांत जुळवले जात: वरचं वर, अक्षर मधे, उकार खाली. इंग्रजी छापणाऱ्याला जो ताप गणिताचा, तो आपल्याकडे साध्या कागदालाही होता. 'गुर्जी' हा शब्द जुळवणाऱ्याला अपूर्णांक काय अवघड जाणार? त्याचमुळे मुंबई-पुण्याकडे सुरुवातीच्या काळात शिळाप्रेस चांगला चालला. त्यात खिळेच नसत. विशिष्ट शाईने लिहिलेलं अक्षर गुळगुळीत दगडावर उतरवायचं आणि दगडावरून छापायचं. हात जे लिहील ते कागदावर येणार, मग ती वेलांटी असो, कोष्टक असो की गणित. ही युक्ती लक्षात ठेवा. जे जुळवता येत नाही त्याचं चित्र करायचं. पुढे संगणकाच्या काळात ती परत येणार आहे.

आणखी एक आपलीच खूण सांगतो, जी छापून छापून पुसली गेली. जुन्या वहीत सव्वा लिहायचा तर १ पुढे एक उभी रेघ काढत, १। अशी. दीड म्हणजे १॥ आणि पावणेदोन म्हणजे १॥। अशा तीन रेघा. पाव, अर्धा, पाऊण हे रेघा मोजून कळे, मजले चढवायला नकोत, छापखान्यालाही सोपं. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, रुपयाचे शंभर भाग झाले, आण्याचा हिशोब गेला आणि त्याबरोबर या रेघाही वहीतून उठल्या. पावकी-निमकी पाठ असलेल्या आज्या अजून काही गावांत आहेत. त्यांच्याकडून या रेघा शिकून घ्याव्यात असं आमचं मत. आणि ऐका, २००९ साली संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत या रेघांना त्यांची अशी जागा मिळाली आहे. त्या यादीबद्दल पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोनोटाइप नावाचं यंत्र आलं. एका बाजूला मोठा कळफलक. त्यावर टंकलं की कागदाच्या पट्टीला भोकं पडत. ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घातली की वितळलेल्या शिशातून एकेक ताजा खिळा ओतून ओळीत लागे. गणितासाठी मात्र यालाही हाताची जोड द्यावी लागे. मग १९५० च्या दशकात त्या कंपनीने एक तोड काढली. गणिताची एक ओळ चार पातळ ओळींत तोडायची, चारही वेगळ्या ओतायच्या, आणि एकावर एक ठेवल्या की वरचे घातांक आणि खालचे आकडे आपापल्या जागी बसतात. जुळाऱ्याचा बराच वेळ वाचला.

या कंपनीचा कारखाना इंग्लंडमध्ये सॅलफर्ड्सला होता. तिथे अक्षरांची मूळ चित्रं काढणारा जो विभाग होता, त्यात मोठ्या संख्येने बायका काम करत. दहा-दहा इंची कागदावर एकेक अक्षर, एकेक खूण रेखायची, तिची जाडी मोजायची, गोलाई साधायची. इंग्रजीच नाही तर देवनागरीसकट कितीतरी लिप्या त्यांच्या हाताखालून गेल्या. पुस्तकात नाव यायचं ते ज्याने अक्षराची कल्पना मांडली त्याचं. रेखणारीचं नाव कुठेच नाही. हल्ली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासक बायांनी या कामाचा शोध घेऊन नोंदी करायला सुरुवात केली आहे. आपल्या गोधडीवर तरी कुठे नाव असतं शिवणारीचं?

तसंच टायपिस्ट बायांचं. १९६१ मध्ये आयबीएम कंपनीचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर बाजारात आला. त्यात दांड्यांच्या टोकाला अक्षरं नव्हती, एक छोटा चेंडू होता आणि त्या चेंडूवर ८८ अक्षरं. चेंडू बदलला की अक्षरवळण बदले. अमेरिकेतल्या विद्यापीठांत गणिताचे कागद टंकणाऱ्या बहुतेक बायका होत्या. मजकूर एका चेंडूने, खूण आली की यंत्र थांबवून खुणांचा चेंडू बसवायचा, खूण मारायची, परत पहिला चेंडू. एका ओळीत हे कितीदा तरी. कागद अर्धा घर वर सरकवून घातांक मारायचा आणि परत खाली आणायचा. गणित दुसऱ्याचं, पण त्यातला एक आकडा चुकीच्या उंचीवर बसला तर ते सगळं फिसकटणार, आणि तो नीट बसवण्याची जबाबदारी तिची.

आता या गोष्टीतला मोठा माणूस येतो. डोनाल्ड कनूथ, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक. संगणकाची विद्या शिकवणारा त्यांचा ग्रंथ खंडाखंडाने निघत होता. १९६८ चा पहिला खंड जुन्या शिशाच्या पद्धतीने सुंदर छापलेला. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. तोवर शिसं गेलं होतं, फोटोवर छपाई होऊ लागली होती, आणि पानं त्यांना इतकी कुरूप वाटली की आपलं पुस्तक असं निघू नये असं ते म्हणाले. मग स्वतःच अक्षरजुळणीची आज्ञावली लिहायला बसले. काही महिन्यांत संपेल असा अंदाज होता, लागली दहाएक वर्षं. आपल्या घराच्या बांधकामासारखंच झालं म्हणायचं. या आज्ञावलीचं नाव टेक्.

टेक् मध्ये गणित काढायचं नसतं, सांगायचं असतं. एक ठरावीक तिरकी रेघ द्यायची आणि तिच्यापुढे शब्द लिहायचा: अमुक भागिले तमुक, याचं मूळ, त्याचा घात. मग कुठली रेघ किती लांब, बारका आकडा किती वर, कंस किती उंच, हे यंत्र ठरवतं. खुणेच्या जागी शब्द! भास्कराचार्यांच्या 'या' आणि 'का' ची आठवण होते की नाही? छापखान्यातल्या त्या चिमटेवाल्या जुळाऱ्यांचे कितीतरी बारीक नियम कनूथ यांनी जुनी पुस्तकं मोजून-मापून गोळा केले आणि त्यात घातले. हे सगळं त्यांनी जगाला फुकट देऊन टाकलं, आणि चूक शोधून देणाऱ्याला धनादेश पाठवायची पद्धत ठेवली. चूक दाखवणाऱ्याला पैसे! ग्रामसंघाच्या बैठकीत ही प्रथा आणली तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

सुरुवातीला टेक् दोनच माणसांसाठी केलं, असं कनूथ सांगत: एक ते स्वतः आणि दुसऱ्या त्यांच्या सचिव फिलिस विंकलर. कनूथ हाताने लिहीत आणि विंकलरबाई ते टंकून देत. म्हणजे हे हत्यार बनताना समोर एक टंकणारी बाई होती, तिला काय जमेल, काय सोपं जाईल हे पाहून ते घडलं. आमच्या मते ते इतकं टिकलं याचं एक कारण हेही असावं. आजही जगभर गणिताचे कागद बहुतेक याच पद्धतीने तयार होतात.

दुसरं नाव बार्बरा बीटन यांचं. १९६० च्या दशकापासून त्या अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या मोठ्या संस्थेत छपाईच्या कामात होत्या. टेक् वापरणाऱ्यांच्या मासिकाचं संपादन त्यांनी १९८३ पासून अनेक वर्षं केलं. त्यांचं मोठं काम ऐकण्यासारखं आहे, पण त्याआधी आपल्या डीटीपीवाल्या दादाच्या दुकानात जाऊन यावं लागेल.

१९८५ मध्ये पेजमेकर आलं. त्याच वर्षी चांगला लेझर प्रिंटरही आला, आणि टेबलावर बसून पान लावायचे दिवस सुरू झाले. १९८९ मध्ये कोरल ड्रॉ. आपल्या तालुक्यात लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या फ्लेक्सपर्यंत सगळं 'कोरलमध्ये' होतं, ते हेच. ही आज्ञावली चित्रासाठी आणि सजावटीसाठी केलेली. गणित कसं बसतं हे तिला शिकवलेलंच नाही. म्हणून गणित दुसरीकडे, वर्डसारख्या ठिकाणी किंवा समीकरणाच्या वेगळ्या आज्ञावलीत तयार करायचं आणि इकडे आणून चिकटवायचं. घोळ होतो तो या आणण्यातच.

कसा होतो? संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक माहीत असतो. पूर्वी दर फाँटला सव्वादोनशेच्या आसपास घरं असत. इंग्रजी फाँटमध्ये पासष्टाव्या घरात इंग्रजी अक्षर, तर सिंबल नावाच्या फाँटमध्ये त्याच घरात ग्रीक खूण. म्हणजे घर तेच, राहणारा वेगळा. ज्या संगणकावर गणित केलं तिथे खुणांचा फाँट आहे, छापखान्याच्या संगणकावर नाही. मग तो आपल्याकडचा साधा फाँट लावतो आणि खुणेच्या घरातून भलतंच कोणीतरी बाहेर येतं. कधी इंग्रजी अक्षर, कधी रिकामा चौकोनी डबा. आपल्याला याची चांगली ओळख आहे. एकीकडे टाइप केलेलं मराठी पत्र दुसरीकडे उघडलं की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, ते याचंच रूप. जुने मराठी फाँट इंग्रजीच्या घरांत मराठी अक्षरं राहायला घालून बनवलेले होते.

रुपयाच्या खुणेचंही असंच झालं. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने ₹ ही खूण मान्य केली. लोकांना ती लगेच वापरायची घाई. कोणीतरी फाँट बनवला आणि कळफलकावर १ च्या शेजारी जी उलट्या टिंबासारखी तिरकी खूण असते तिच्या घरात रुपया बसवला. तो फाँट असलेल्या संगणकावर रुपया, नसलेल्यावर नुसती तिरकी चिमटी. कितीतरी बिलांवर, जाहिरातींत रकमेआधी ती चिमटी छापून आली. तुमच्या फायलीत त्या सुमाराची बिलं असतील तर काढून पाहा.

यावर तोडगा म्हणून जगातल्या सगळ्या लिप्यांची एकच यादी केली गेली. तिचं नाव युनिकोड. पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. प्रत्येक अक्षराला स्वतःचं घर, दुसऱ्या कोणाचं त्यावर हक्क नाही. सातबारा स्वतंत्र झाला म्हणा. रुपयाला ऑक्टोबर २०१० मध्ये घर मिळालं, खूण मान्य झाल्यापासून तीन महिन्यांत. गणिताच्या खुणा मात्र बऱ्याचशा बाहेरच होत्या. कोणत्या खुणा जगात वापरात आहेत, कुठल्या दोन खरंच वेगळ्या आणि कुठल्या एकाच खुणेची दोन रूपं, हे शोधून यादीवाल्यांपुढे मांडण्याचं किचकट काम बीटनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलं. २००१ आणि २००२ च्या आवृत्त्यांत शेकड्यांनी गणिती खुणा आत आल्या. आपण उण्याची खूण आणि शब्द जोडायची बारकी रेघ एकच समजतो, पण त्या यादीत या दोघींची घरं वेगळी आहेत.

खुणेला घर मिळालं तरी मजले चढवायचं काम राहतंच. घातांक वर बसवायचा, भागाकाराची रेघ द्यायची, हे यादी करत नाही. तिथे अजूनही घोळ होतो. एका छापखान्यात आमच्या गटांच्या पत्रकाचं काय झालं ते सांगतो.

पत्रक व्याजाचं होतं. गावोगाव कर्ज देणारे येतात, 'दोनच टक्के' म्हणतात, पण ते फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर हे सांगत नाहीत. दहा हजार रुपये, महिना दोन टक्के, बारा महिने घ्या. फ्लॅटने व्याज होतं २,४०० रुपये. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दहा हजारांवरच चालू. घटत्या शिल्लकेने, समान हप्त्याने फेडलं तर हप्ता येतो ९४५ रुपये ६० पैसे आणि एकूण व्याज सुमारे १,३४७ रुपये. एका बाईच्या घरात हजाराहून अधिक रुपयांचा फरक. हा हप्ता काढायचं सूत्र पत्रकावर हवं असं सगळ्या जणींचं मत पडलं, म्हणजे कोणीही मोबाइलवर पडताळून पाहील. सूत्र असं: मुद्दलाला महिन्याच्या दराने गुणा. त्याला (१ + दर) याच्या बाराव्या घाताने गुणा. मग त्याच घातातून १ वजा करून जे येईल त्याने भागा.

फाइल बरोबर होती. छापखान्यात ती कोरलमध्ये घेतली आणि डोक्यावर बसलेला बारका १२ खाली उतरून ओळीत उभा राहिला. बघायला काही वावगं नाही, कंसापुढे १२. पण अर्थ बदलला. १.०२ चा बारावा घात म्हणजे १.२६८२. खाली उतरलेल्या १२ ने मात्र १.०२ गुणिले १२, म्हणजे १२.२४. प्रूफ आलं तेव्हा एका ताईंनी कॅल्क्युलेटर काढून आकडे घातले, हप्ता आला २१८ रुपयांच्या आत. बारा हप्ते मिळून सव्वीसशेच्या आसपास. दहा हजारांचं कर्ज सव्वीसशेत फिटतं! "असा सावकार कुठे भेटतो त्याचा पत्ता पण छापा," असं त्या म्हणाल्या. हसलो सगळ्या, पण हे पत्रक वाटलं गेलं असतं तर? कर्ज देणाऱ्याशी हिशोबावरून बोलायला उभी राहिलेली बाई तिथेच खोटी पडली असती, आणि पुढच्या वेळी तिच्या तोंडून शब्द निघाला नसता.

छापखान्यातल्या दादांनी मग ते नीट करून दिलं. कसं, ते सांगतो, कारण तुमच्याकडेही ही वेळ येईल. त्यांनी सूत्र जिथे तयार झालं तिथूनच त्याची पीडीएफ काढून आणायला सांगितली. तिच्यात फाँट सोबत भरलेले असतात. ती पीडीएफ कोरलमध्ये घेताना अक्षरं 'कर्व्ह' करून घेतली. कर्व्ह म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याची रेखाकृती करायची. मग संगणकाला घरं शोधावी लागत नाहीत, तो रेघा काढतो. आपल्या शिळाप्रेसचीच रीत झाली, नाही का? तोटाही तोच: एकदा कर्व्ह केलं की आतला आकडा बदलता येत नाही, सगळं नव्याने. म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची. जुन्या वर्डमधली समीकरणं असतील तर ती आत्ताच नव्याने करून ठेवा, कारण समीकरण लिहायचं ते जुनं साधन मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकलं. समीकरण दिसतं, पण त्या जुन्या साधनात ते उघडून दुरुस्त करता येत नाही. मोबाइलवरून फोटो काढून चिकटवणं हा सोपा मार्ग वाटतो, पण फ्लेक्सएवढं मोठं केलं की तो फोटो फाटतो आणि उण्याची रेघ धुरकट होऊन जाते.

मराठी जोडाक्षरांचंही तपासा. सजावटीच्या काही आज्ञावल्यांत भारतीय लिप्यांसाठीची सोय वेगळी चालू करावी लागते. ती चालू नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि 'शक्ती'चे तुकडे पडतात.

आणि प्रूफ हातात आलं की डोळ्यांनी वाचून सही करू नका. मोबाइल काढा, कागदावर छापलंय तसंच बटणं दाबा: मुद्दल १०,०००, महिन्याचा दर ०.०२, महिने १२. उत्तर ९४५.६० यायला हवं.